पेरणी, प्रवेश आणि पोट

महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्या कॉलेजच्या कँटीनमधली गर्दी तेवढीच राहते, टेबलांवरच्या प्लेटी मात्र कमी होतात. मुलं बसलेली असतात, गप्पा रंगलेल्या असतात, समोर असतो कटिंग. चौघांत दोन वडापाव आणि वर चार जादा पाव. पाव, चटणी, तळलेली मिरची. पहिल्या आठवड्यात याच टेबलावर मिसळ असते, राईस प्लेट असते, कोणाचा वाढदिवस असला तर चायनीज असतं. महिना संपत येतो तसं ताट आकसत जातं आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. विचारलं तर उत्तरं ठरलेली. "भूक नाही मॅडम." "सकाळी उशिरा खाल्लं." "आज सोमवार आहे ना." एका मुलाचे सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपवास असायचे. उपवासाला कोणी प्रश्न विचारत नाही. न जेवण्याचं बाकी कुठलंही कारण सांगितलं तर मान खाली जाते, उपवासात तेवढी ताठ राहते.

मी अर्थशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला दारिद्र्याच्या मोजमापाचं प्रकरण असतं. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० उष्मांकांचा निकष धरून गरिबी मोजली. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० असे आकडे धरले. फळ्यावर २१०० लिहिलं की मी मुलांना त्याचं जेवण करून दाखवायला सांगते: किती पोळ्या, किती भात, किती डाळ. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सात वडापाव, मॅडम." वर्ग हसला. सांगणारा हसला नाही. हिशेब त्याचा बरोबर होता, एका वडापावात साधारण तीनशे उष्मांक धरतात. आकड्यांच्या दृष्टीने तो गरीब नव्हता आणि उपाशी तर नव्हताच. पण त्या आठवड्यात डाळ, पालेभाजी, अंडं, दूध यातलं काय त्याच्या पोटात गेलं होतं, ते फळ्यावरच्या कुठल्याच आकड्यात येत नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना २०१४ पासून जगभर आठ प्रश्न विचारून अन्नाची असुरक्षितता मोजते. पहिला प्रश्न, जेवणाची भ्रांत पडेल अशी काळजी वाटली का. आठवा, अख्खा दिवस उपाशी काढावा लागला का. मधल्या सहांमध्ये सगळी उतरण आहे: पौष्टिक खाता आलं नाही, तेच ते खावं लागलं, एक वेळ टाळली, पाहिजे त्याहून कमी खाल्लं, घरातलं संपलं, भूक असून जेवलो नाही. हे प्रश्न वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वर्गातले चेहरे येतात. आमची मुलं आठव्या पायरीवर क्वचित जातात. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या पायरीवर मात्र महिनेच्या महिने असतात. म्हणून त्यांची बातमी होत नाही. चक्कर येऊन कोणी पडलं तर धावाधाव होते, ग्लुकोजचं पाणी दिलं जातं, "जेवत जा रे वेळेवर" म्हणून सगळे आपापल्या तासाला जातात.

मुंबईत ही भूक नेमकी कोणाच्या वाट्याला येते? सगळे म्हणतील, गरिबाच्या. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. इथे पहिली फळी डब्यावरून पडते. कळव्याहून येणारी एक मुलगी आहे, वडील रिक्षा चालवतात, घरात पाच माणसं. आई पहाटे साडेचारला उठते आणि मुलीच्या पिशवीत तीन पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, कोपऱ्यात लोणचं असा डबा येतो. तिच्या शेजारी बसणारा मुलगा कागदावर तिच्याहून बऱ्या घरचा, गावी पाच एकर जमीन. पण त्याची चूल इथून पाचशे किलोमीटरवर. त्याला मुंबईत प्रत्येक घास विकत घ्यायचाय.

ज्यांच्याकडे डबा आहे ते काही एकटे खात नाहीत. आपल्याकडे डबा उघडला की "ये ना" म्हटलंच जातं, आणि मनापासून म्हटलं जातं. पण रोज "ये ना" ऐकणारा मुलगा हळूहळू त्या वेळेला लायब्ररीत जायला लागतो. पाणी पिऊन येतो. आमच्या लायब्ररीत दुपारी साडेबारा ते दीड या वेळात नेमाने बसणारी मुलं फार अभ्यासू आहेत असं नव्या प्राध्यापकांना वाटतं. अभ्यासू ती असतातही.

आणि मग प्रश्न येतो, मुंबईत चूल कोणाची आहे? ज्यांचे आजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत, बेस्टमध्ये, म्युनिसिपालिटीत लागले त्यांची. आजोबांना नोकरी कोणी लावली? गावच्या, नात्यातल्या, बहुतेक वेळा जातीतल्याच कोणीतरी आधी येऊन. ज्या गावांतून, ज्या वस्त्यांमधून मुंबईला कोणी आलंच नव्हतं, आणि आलं तरी ज्यांना खोलीच मिळाली नाही, त्यांची नातवंडं आज पहिल्यांदा कॉलेजात येताहेत. पालघर-नंदुरबारच्या पाड्यांवरची, मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांची, भटक्या जमातींमधली. त्यांना शहरात मागे टेकायला भिंत नाही. शिक्षणाचा दरवाजा आपण त्यांच्यासाठी उघडला, आरक्षण दिलं, फी माफ केली. ते सगळं लढून मिळवलेलं आहे आणि मोलाचं आहे. पण दुपारी एक वाजता काय खायचं, हे आपण घराण्यावर सोडून दिलं.

नातेवाइकांकडे राहणाऱ्यांचं तर वेगळंच. काका कुर्ल्याला, मावशी घाटकोपरला, दहा बाय दहाची खोली, त्यात आधीच पाच जण. गावाकडून आलेली भाची तिथे राहते. जेवायला कोणी नाही म्हणत नाही, तसं म्हणणारी माणसं ती नव्हेत. पण तिसरी पोळी मागायची कशी? आधी मावशीची मुलं जेवतात, मग काका, मग आपण. भाजी उरेल त्या अंदाजाने वाढून घ्यायची. एक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, "मावशी विचारते अजून घे म्हणून, पण ती विचारताना पातेल्यात बघते." त्या मावशीचाही दोष नाही, तिचं पातेलंच तेवढं. ही मुलगी सकाळी पाणी भरून, कणीक मळून निघते, संध्याकाळी भांडी घासते आणि त्यातून आपलं जेवण फेडते. मुलगा असता तर निदान भांडी तरी सुटली असती. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाच्या असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय. आमच्या वर्गात जिने चढताना धापा टाकणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली पाहिल्या की मला त्या आकड्याचं नवल वाटत नाही. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री लवकर बंद होतं. मुलं रात्री अकराला भुर्जीपावच्या गाडीवर जाऊन येतात, मुलींना भूक लागली तर बिस्किटाचा पुडा.

मी जी गोष्ट इतकी वर्षं पाहत आलेय आणि जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय ती म्हणजे जुलै महिना.

कॉलेजचे प्रवेश जून-जुलैत होतात. खरिपाची पेरणीही जून-जुलैत होते. बियाणं, खत, औत, मजुरी. पाऊस लांबला तर दुबार पेरणी. हिंगोली, वाशीम, बीड, जळगावकडच्या शेतकरी घरात वर्षातला सगळ्यात कोरडा काळ तो हाच, आणि त्याच पंधरवड्यात मुंबईत पोराला प्रवेशाचे पैसे, खोलीचं डिपॉझिट, लोकलचा पास, पुस्तकं सगळं एकदम भरायचंय. सोयाबीन हाती लागतं दसऱ्या-दिवाळीला, कापूस त्याच्याही मागून. म्हणून बाप फोनवर म्हणतो, "दिवाळीपर्यंत काढ कसंतरी." शेतमजुराच्या घरात तर दिवाळीचाही भरवसा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, मग आधार बँकेशी जोडलेलं आहे का ते पाहायचं, मग कॉलेजची मंजुरी, मग खात्याची. हप्ता खात्यात पडतो तेव्हा पहिलं सत्र संपलेलं असतं, कधी वर्षच संपलेलं असतं. भूक मात्र जुलैत लागते, दिवसातून दोनदा.

यात आणखी एक गाठ आहे. आमची कितीतरी मुलं "केटरिंगला" जातात. लग्नाच्या हॉलमध्ये वाढप्याचं काम. पांढरा शर्ट, काळी पँट आपली, टाय मुकादम देतो. संध्याकाळी पाचला हजर व्हायचं, रात्री साडेबाराला मोकळं. हातात काही शे रुपये आणि शेवटी जेवण. जेवणासाठीच जाणारे पुष्कळ. पनीर, पुलाव, गुलाबजाम, जे उरेल ते. शेवटची लोकल चुकली की फलाटावर पाठ टेकायची आणि पहिल्या गाडीने परतायचं. डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत माझ्या सकाळच्या तासाला जे पेंगतात त्यांना मी उठवत नाही. पण आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात आणि केटरिंगही थांबतं. म्हणजे घरचा पैसा पेरणीत गेलेला, शिष्यवृत्ती वाटेत, आणि स्वतःच्या कमाईचं दार चातुर्मासाने लावलेलं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. जुलैत बारीक झालेली मुलं दिवाळीनंतर भरतात, हे दरवर्षी दिसतं. पहिल्या सत्रात नापास होणारी आणि दुसऱ्यात सावरणारी मुलंही बरीचशी तीच असतात. शिक्षकांच्या बैठकीत त्याला "शहराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो" असं म्हणतात.

या मुलांना पंचांग पाठ असतं, पण भटजींचं नव्हे. भाद्रपदात मंडळांचे महाप्रसाद. लालबाग, गिरगाव, परळ, कुठे कोणत्या दिवशी पंगत असते ते एकमेकांना कळवलं जातं. गुरुवारी अमुक ठिकाणी साईभंडारा. सहा डिसेंबरला राज्यभरातून चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी शिवाजी पार्कात संस्था-संघटना जेवण वाढतात. आमची काही मुलं तिथे स्वयंसेवक म्हणून उभी राहतात, पुस्तकांच्या स्टॉलवर राबतात आणि ते दोन दिवस पोटभर जेवतात. दादरच्या गुरुद्वारात लंगर. तिथे जाऊन आलेल्या एका मुलीला मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाली, "मॅडम, आडनाव नाही विचारलं कोणी."

खोली घेऊन राहणारी मुलं सर्वांत शहाणी. नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला सात-आठ जण एका खोलीत, एक शेगडी, एक कुकर, आठवड्याच्या पाळ्या. वरण-भात, कांदा-चटणी, रविवारी अंडी. गावाहून येणाऱ्या एसटीतून ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, तूरडाळ येते. शिजवलेलं गरम अन्न रोज मिळतं ते त्यांनाच. वसतिगृहांत शेगडीला बंदी असते. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिना ५ किलो धान्य. वसतिगृहातल्या मुलाच्या नावाचे ५ किलोही गावच्या रेशन दुकानात निघतात आणि घरच्या चुलीवर शिजतात. एक देश एक रेशनकार्ड आल्यामुळे कागदावर ते मुंबईतही उचलता येतात, पण गहू आणि तांदूळ घेऊन वसतिगृहातल्या कॉटवर बसून करायचं काय?

जरा मागे जाऊ. आज वर्गात बसलेली ही मुलं खिचडीची पिढी आहे. शालेय पोषण आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे मुलं पिशवीतून कोरडा तांदूळ घरी न्यायची; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. ही मुलं त्या खिचडीवर वाढली. ती आठवीपर्यंत असते. नववीत गेल्यावर पोट लहान होतं असं कोणी म्हणत नाही, पण व्यवस्था तसंच धरून चालते. चौदाव्या वर्षी सरकार ताट उचलून घेतं आणि अठराव्या वर्षी त्याच मुलाला सांगतं, मुंबईला जा, शिक, देश घडव.

शहरात येणाऱ्या सगळ्यांनाच सरकारने वाऱ्यावर सोडलंय असं मात्र नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. या योजनेने कितीतरी मुलं शिकली, मी पाहिलीत. तरी ३२,००० ला वर्षाच्या दिवसांनी भागा. रोजचे ८७ रुपये आणि काही पैसे, म्हणजे वेळेला ४४ सुद्धा नाहीत. याच राज्याने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली, लोकांसाठी १० रुपयांत. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, एक मूद भात. त्या छोट्या थाळीची शहरातली किंमत सरकारने स्वतः ५० रुपये धरली आणि वरचे ४० अनुदान म्हणून दिले. दोन वेळच्या दोन थाळ्यांचे वर्षाला ३६,५०० होतात. म्हणजे सरकारच्याच थाळीला सरकारचीच भोजनरक्कम साडेचार हजारांनी कमी पडते, आणि ती थाळी वीस वर्षांच्या मुलाचं पोट भरेल एवढी नाही. शिवाय रक्कम रोज येत नाही, महिन्याला येत नाही, हप्त्यांनी येते, उशिरा येते.

पैसे द्यावेत की जेवण, हा वाद आपल्याकडे रस्त्यावर झालाय. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा जुलैत आदिवासी मुलं-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. मागणी एकच, मेस परत सुरू करा. त्याच वर्षी फेब्रुवारीत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची वसतिगृह आणि भोजनगृहाच्या शुल्कातली सवलत काढल्यावरून विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. दोन्ही वेळा बाहेरच्या लोकांना वाटलं, जेवणासाठी काय एवढं आंदोलन. माझ्या मते ती मुलं आपल्या सगळ्यांच्या आधी मुद्द्यावर पोहोचली होती. खात्यातले पैसे घरच्या दुखण्याला जातात, बहिणीच्या फीला जातात, बापाच्या खताला जातात. मुलगा स्वतःच्या जेवणाचे पैसे गावी पाठवतो, आणि त्याला असं करू नकोस म्हणायची माझी हिंमत होत नाही. ताटात वाढलेलं अन्न तेवढं गावी पाठवता येत नाही.

विद्यार्थ्याला समाजाने जेवू घालायचं, हे काही आपल्याला नवं नाही. जुन्या मराठी चरित्रांत वार लावून जेवण्याच्या आठवणी पानोपानी येतात. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या प्रथेने मोठी माणसं घडवली हे खरंच, पण वार मिळायचे ते आपल्या जातीच्या घरात. ज्यांच्या जातीत वार द्यायला दुसरं सुस्थितीतलं घरच नव्हतं त्यांना सात वार मोकळे होते. बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर, आणि तिथला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे, असं चरित्रकारांनी नोंदवलंय. पुढे लंडनला अर्धपोटी, पापडावर रात्र काढत त्यांनी अभ्यास केला. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं आणि पोरांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. शाळेच्या इमारतीआधी त्या माणसांनी चूल मांडली होती. आपण इमारती वाढवल्या.

मुंबईचं स्वतःचं उत्तर होतं खानावळ. माझी आत्या लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे पंगती: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. जेवणारे गिरणीतले, बायकामुलं गावी ठेवून आलेले. पैसे पगाराला. तिच्याकडे एक वही होती, तीत नावं, महिना आणि खाडे. खाडा म्हणजे न जेवलेल्या दिवसाची खूण, महिन्याच्या हिशेबातून तेवढे पैसे वजा. ती स्वतः वाण्याकडून उधारीवर सामान आणायची आणि उधारीवर वाढायची. संप झाला की पगार बंद, पण पंगत बंद नाही. गिरणगावातल्या अशा हजारो बायका सावकाराकडे दागिने ठेवून गिरणी कामगाराला जेवू घालत होत्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमा पुरव यांनी ते पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, तशी खानावळही गेली. आत्याच्या वहीतली कितीतरी नावं गावी निघून गेली. तिने वही जाळली नाही की कोणाच्या मागे तगादा लावला नाही.

त्या खानावळीत आज विद्यार्थ्याला हवं असलेलं सगळं होतं. शिजवलेलं अन्न, ठरलेली वेळ, ओळखीचं माणूस आणि पैसे येईपर्यंत थांबायची तयारी. शिष्यवृत्ती मार्चमध्ये येणार असेल तर मार्चपर्यंत थांबेल अशी वही कोणत्याही कॉलेजला ठेवता येईल. कँटीनचे अण्णा स्वतःच्या खिशातून ती ठेवतातच. संस्थेने ठेवायला काय हरकत आहे?

आमच्या काही जणांनी मिळून प्राचार्यांकडे एक अर्ज दिलाय. परिसरातल्या बचत गटाने बनवलेलं साधं जेवण, पोळ्या, भाजी, डाळ, भात, दुपारी साडेबारा ते दोन, १० रुपयांत. आज दहा नसतील तर वहीत नाव. थाळीमागे ५० रुपये खर्च धरला, दोनशे मुलं धरली, जुलै ते दिवाळी कामाचे नव्वद दिवस धरले, तर वरची तूट ७ लाख २० हजारांची. माजी विद्यार्थ्यांकडून, शिक्षकांच्या पगारातून आणि महोत्सवाच्या प्रायोजकांकडून ती भरून निघू शकते. महोत्सवाच्या एका रात्रीच्या मंचावर आमच्याकडे किती खर्च होतो ते मला माहीत आहे. बैठकीत एकाने विचारलं, कॉलेजात कुठे असतं का असं? असतं. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९३ मध्येच विद्यार्थ्यांसाठी धान्यपेढी काढली, आणि तिथल्या सरकारी लेखापाल कार्यालयाने २०२४ मध्ये सांगितलं की २०२० साली २३ टक्के पदवीपूर्व विद्यार्थ्यांची अन्नाची शाश्वती नव्हती. फ्रान्समध्ये महामारीच्या काळात विद्यार्थ्यांना एका युरोत जेवण सुरू झालं. श्रीमंत देशांना आपल्या विद्यार्थ्यांची भूक मोजावीशी वाटते, तर आपल्याला तिचा उच्चार करायला लाज का वाटावी?

खरी अडचण पैशावर आली नाही. ती आली दाखल्यावर. उत्पन्नाचा दाखला जोडावा, म्हणजे गरजूंनाच लाभ मिळेल, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मी विरोध केला आणि करत राहीन. दाखला मागितला की तहसील कार्यालयात जा, तलाठ्याकडे जा, त्यासाठी गावी जायचं तिकीट काढा. आणि मग जी रांग लागेल ती दाखलेवाल्यांची रांग म्हणून अख्ख्या कॉलेजला दिसेल. लायब्ररीत पाणी पिऊन बसणारा मुलगा त्या रांगेत कधीच येणार नाही, तो उपवास करील. रिक्षावाल्याची मुलगी डबा विसरली म्हणून येऊ दे, मलबार हिलचा मुलगा मित्राबरोबर गप्पा मारायला येऊ दे, मीही तिथेच जेवेन. सगळे एका रांगेत असले म्हणजे कोणाच्या ताटाकडे बघून त्याचं घर ओळखता येणार नाही.

आता ठराव पुढच्या बैठकीत आहे. दाखल्याचं कलम काढलेला मसुदा मी पुन्हा दिलाय आणि त्यात तारीख घातलीय. वर्षभराचं जमत नसेल तर नका करू, पण पहिली पंगत १ जुलैला बसू दे, प्रवेशाची रांग संपायच्या आत.